गवतातली झोर्निया: वर्णन आधी, नाव नंतर

कुसळ (धागाकर्ता)

उष्ण कटिबंधातल्या मोकळ्या गवताळ रानात पाऊस स्थिरावला की गवताच्या बुडाशी एक बारीक, पिवळ्या फुलांची वनस्पती दिसू लागते. देठाच्या टोकाला दोनच पर्णिका (एका पानाचे सुटे छोटे भाग). फुलं दोन हिरव्या झाकणांच्या मधून डोकावणारी. शेंग खरबरीत, कपड्यांना चिकटणारी. ही झोर्निया. ब्राझीलच्या सेराडोपासून आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यापर्यंत आणि भारत-श्रीलंकेपासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत ही प्रजाती पसरली आहे. एकूण सुमारे ८० जाती, सर्वांत जास्त ब्राझीलमध्ये. (या धाग्यात प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज असंच धरू या, नाहीतर पुढे गोंधळ होतो.)

धागा काढायचं कारण असं की झोर्नियाचा फोटो कुठेही टाकला की लगेच "झोर्निया डायफायला" असं उत्तर येतं आणि चर्चा तिथेच थांबते. या प्रजातीत नाव सर्वांत शेवटी यायला हवं. ज्या अवयवांवर इथे जाती ठरतात ते फोटोत सहसा दिसत नाहीत, आणि जे छान दिसतात त्यांच्यावर विसंबता येत नाही. म्हणून झाड आधी नीट बघायचं, मोजायचं, लिहून काढायचं.

सुरुवात छदकांपासून करा, म्हणजे फुलाला झाकणाऱ्या त्या दोन हिरव्या झाकणांपासून. फांदीच्या टोकाला किंवा पानांच्या बगलेतून कणीस येतं. त्यावरचं प्रत्येक फूल बिनदेठाचं असतं आणि दोन छदकांच्या मध्ये बसलेलं असतं. शिंपल्याच्या दोन झडपांसारखी ही छदकं समोरासमोर मिटलेली असतात. ती छत्राकृती असतात, म्हणजे कणसाच्या दांड्याला ती तळाच्या कडेने चिकटत नाहीत, कडेपासून थोडं वर चिकटतात. जोडाच्या खाली जो भाग लोंबत राहतो त्याला कान म्हणतात. आता नोंद काय करायची? छदकाची लांबी-रुंदी. आकार लंबगोल, अंडाकृती की भाल्याच्या पात्यासारखा. शिरा किती आणि त्या ठळक आहेत का. कडेला केसांची झालर आहे का, पाठीवर केस आहेत का. ग्रंथींचे ठिपके आहेत का, असल्यास विरळ की दाट. कान केवढा, टोकदार की बोथट. शिवाय कणसावर छदकांच्या जोड्या एकमेकींवर चढलेल्या आहेत की मधला दांडा उघडा दिसतो, हेही लिहा. दहा पटीचं साधं भिंग या सगळ्याला पुरतं.

उपपर्णंही, म्हणजे पानाच्या देठाच्या बुडाशी असलेली इवली पानंही, छत्राकृतीच. ती छदकांपेक्षा अरुंद असतात, पण घडण तीच. म्हणून कळी यायच्या आधीही झोर्निया ओळखता येते.

मग शेंग. ती पेरापेरांची असते आणि पिकल्यावर एकेक पेर सुटून पडतं. प्रत्येक पेरात एक बी. पेरं किती, एक पेर किती लांब, पृष्ठभागावर शिरांची जाळी आहे का, काटेरी केस आहेत का, त्यांची लांबी किती आणि त्यांवर उलटे दाते आहेत का, पूर्ण वाढलेली शेंग छदकांच्या बाहेर किती पेरं डोकावते, हे सगळं नोंदवा. कोवळ्या शेंगेवरून यातलं निम्मंही कळत नाही. मी तर म्हणेन, पिकल्या शेंगेशिवाय दाबलेला झोर्नियाचा नमुना अर्धाच समजावा.

फूल पतंगरूप, पिवळं. पताकेवर, म्हणजे वरच्या मोठ्या पाकळीवर, बऱ्याचदा लालसर-जांभळ्या रेषा असतात. संवर्त (पाकळ्यांबाहेरचं हिरवं वेष्टन) लहान, पातळ पापुद्र्याचा आणि छदकांत दडलेला, त्यामुळे तो बघायला छदक सोलावं लागतं. केसरदलं (पुंकेसर) दहा, सगळ्यांचे तंतू एका नळीत जुळलेले. परागकोश मात्र दोन तऱ्हांचे, आलटून पालटून लांबट आणि आखूड-गोलसर. याने जात ठरत नाही, पण वर्णनात ते असावं.

तुमच्याकडची वर्णनं इथे टाका. नुसते फोटो नकोत.

---

तृणपाती

धागा बरोबर वेळेवर आला. माझ्याकडे दोन पर्णिकांची एक वनस्पती वहीत नोंदवून ठेवली आहे आणि एका जागी मी अडले आहे. बुडाकडची पानं रुंद, जवळजवळ अंडाकृती. वरची पानं अरुंद, लांब, टोकदार. दोन्ही एकाच फांदीवर दिसली नसती तर मी त्या दोन वेगळ्या जाती समजले असते. वर्णनात कुठलं पान धरायचं? आणि पर्णिकांवर बारीक ठिपके आहेत, ते रोगाचे की मूळचे?

---

भिंग

दोन्ही पानं धरायची, आणि वेगवेगळी लिहायची. "खालच्या पानांच्या पर्णिका अमुक, वरच्या तमुक" अशी. एकाच झाडावर खाली-वर पानांचा आकार बदलणं ही झोर्नियाच्या कित्येक जातींची रीतच आहे. काही जातींत हा फरक मोठा असतो, काहींत जवळपास नसतो, म्हणजे फरक आहे की नाही हीच मोलाची नोंद आहे. फक्त वरची फांदी तोडून आणलेली असली की ती कायमची हरवते.

ठिपक्यांसाठी पर्णिका उजेडासमोर धरा. ग्रंथींचे ठिपके आरपार उजेड सोडतात किंवा गडद पण एकसारखे, पानभर विखुरलेले दिसतात. बुरशीचे डाग अनियमित असतात, खरवडल्यासारखे, खपली धरलेले आणि खोडावरही उतरलेले. झोर्नियावर स्फॅसेलोमा नावाच्या बुरशीचा खवल्यांचा रोग येतो, त्यामुळे तुमची शंका रास्त आहे.

या ग्रंथींना कमी लेखू नका. झोर्नियाच्या दक्षिण अमेरिकेतल्या नातलगांत, म्हणजे पोइरेशिया आणि अमिसिया या प्रजातींतही अशाच ग्रंथी आहेत. हा वंशाचा वारसा आहे.

---

शेंगवेल

मी या विषयात नवीन आहे. गवतात पिवळ्या फुलांची आणि पेरांच्या शेंगांची इतकी झुडपं असतात की झोर्नियापर्यंत पोचायचं कसं हेच कळत नाही. स्मिथिया, स्टायलोसँथिस, अ‍ॅलिसिकार्पस ही नावं ऐकली आहेत. कुणी सोपं करून सांगेल का?

---

कुसळ

पानापासून सुरू करा. अ‍ॅलिसिकार्पसला सहसा एकच पर्णिका असते आणि संवर्त सुक्या गवताच्या तुसासारखा कोरडा, कडक. स्टायलोसँथिसला तीन पर्णिका, उपपर्णं देठाला चिकटून त्याचं म्यान झालेलं, शेंग एक-दोन पेरांचीच. डेस्मोडियमलाही बहुधा तीन, पण प्रत्येक पर्णिकेच्या बुडाशी सुईसारखं इवलंसं उपपर्णक असतं. ते दिसलं की झोर्नियाचा विचार सोडा. स्मिथियात पर्णिका पिसासारख्या दोन रांगांत, जोडीजोडीने, आणि शेंग संवर्ताच्या आत घडी घालून बसलेली.

गेइसास्पिस खरी फसवते. तिलाही मोठी छदं (फुलाखालची पानासारखी झाकणं) असतात आणि फुलं त्यांच्या आड लपतात. पण पर्णिका चार, आणि छद रुंद, मूत्रपिंडाकृती, कडेला राठ केस असलेला.

"चार पर्णिका म्हणजे झोर्निया नाही" असा नियम मात्र पाठ करू नका. झोर्नियातही चार पर्णिकांच्या जाती आहेत. झोर्निया ब्राझिलिएन्सिस ही त्यांतली एक. इतकंच काय, ज्या जातीला या प्रजातीचं नाव कायमचं बांधलेलं आहे ती झोर्निया ब्रॅक्टिएटासुद्धा चार पर्णिकांचीच, अमेरिकेच्या आग्नेय भागातली. चारही पर्णिका देठाच्या टोकाला एकाच बिंदूतून फुटतात, पिसासारख्या रांगेत नसतात, हे बघा. आणि त्या एका बिंदूसोबत छत्राकृती छदकांची जोडी दिसली, तर झोर्नियाच.

---

जुनी वही

डायफायला हे नाव इतकं का पसरलं ते सांगतो.

लिनियसने १७५३ मध्ये हेडिसारम डायफायलम या नावाने ही वनस्पती नोंदवली. त्या काळी पेरांच्या शेंगा असलेलं बरंच काही हेडिसारममध्ये जमा होत असे. १७९२ मध्ये ग्मेलिनने झोर्निया ही प्रजाती स्थापन केली. योहानेस झोर्न या जर्मन औषधनिर्मात्या-वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव तिला दिलं. १८०७ मध्ये पर्सूनने लिनियसची वनस्पती झोर्नियात आणली आणि झोर्निया डायफायला हे नाव तयार झालं.

पुढच्या शतकात दोन पर्णिकांची झोर्निया जिथे सापडेल तिथे हेच नाव लागत गेलं. १८५९ मध्ये बेंथमने ब्राझीलच्या वनस्पतींवर लिहिताना तिथले कितीतरी वेगळे दिसणारे प्रकार डायफायलाचेच उपप्रकार म्हणून मांडले. त्याच्यासारख्या तयारीच्या माणसाने हे केल्यावर ते रूढ होणारच. १९६१ मध्ये मोहलेनब्रॉकने संपूर्ण प्रजातीवर प्रबंध लिहिला, तेव्हा हा मोठा गठ्ठा सुटला. त्याने सुमारे पाऊणशे जाती मान्य केल्या आणि डायफायला हे नाव दक्षिण आशियातल्या मूळ वनस्पतीपुरतं आवरलं. भारतात सर्रास दिसणारी बरीच झाडं स्पॅनोघेने १८४१ मध्ये तिमोर बेटावरून वर्णन केलेल्या झोर्निया गिब्बोसाखाली गेली.

म्हणजे १९६१ च्या आधीच्या कुठल्याही यादीत डायफायला लिहिलेलं असलं तर त्याचा अर्थ "दोन पर्णिकांची कुठलीतरी झोर्निया" एवढाच घ्यावा. नमुना पुन्हा काढून पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

एक मात्र बोलतो. बेंथमकडे लोक जितक्या तुच्छतेने बघतात तितकी त्याची चूक मला वाटत नाही. त्याला मधले दुवे दिसले म्हणून त्याने एकत्र ठेवलं. आज छदक दोन मिलिमीटर मोठं दिसलं की नवी जात करण्याकडे जो कल आहे, तो मला जास्त धोक्याचा वाटतो.

---

भिंग

तुमच्याशी अर्धी सहमत. एकट्या लांबीवर जात उभी करू नये हे खरंच. पण मधले दुवे दिसले म्हणजे काय दिसलं, हे तपासावं लागतं. निरनिराळ्या खंडांतले वाळलेले नमुने टेबलावर मांडले तर लहानापासून मोठ्यापर्यंत अखंड रांग लावता येते. तशी रांग जवळपास कुठल्याही प्रजातीत लागते. निसर्गात ती रांग कुणी बघितलेली नसते.

मी ज्यावर भर देते ते असं. दोन रूपं एकाच रानात शेजारी शेजारी वाढत असतील, एकाच वेळी फुलत असतील, तरी मधलं काही सापडत नसेल, तर त्या दोन जाती मानायला सबळ आधार आहे. आणि फरक एकाच अवयवात नसून तीन-चार असंबंधित अवयवांत बरोबरीने चालत असेल, उदाहरणार्थ छदक मोठं तिथे काटे आखूड, मूळ बहुवर्षायू आणि ग्रंथी विरळ, तर तो योगायोग नसतो. उलट फरक फक्त आकारमानाचा असेल आणि सगळेच अवयव एका प्रमाणात वाढलेले असतील, तर बहुधा माती-पाण्याचा परिणाम असतो. त्यासाठी एका झाडाचं माप कधीच पुरत नाही. एका ठिकाणची निदान दहा-पंधरा झाडं मोजा, आणि सरासरीबरोबर लहानात लहान, मोठ्यात मोठं माप लिहा.

---

जुनी वही

शेजारी शेजारी वाढण्याची कसोटी मला मान्य आहे. ती लावता येत नाही तिथे, म्हणजे दोन रूपं हजारो किलोमीटर लांब असतात तिथे, मी एकत्र ठेवायच्या बाजूला झुकेन. तुम्ही वेगळं ठेवायच्या. यावर इथे निकाल लागणार नाही, आणि लावायची घाई पण नको.

---

रानवारा

वर्गीकरणवाल्यांच्या वर्णनात मला नेहमी एक गोष्ट कमी वाटते ती म्हणजे रान. झाड कुठल्या गवतात होतं, माती कसली, चराई किती, वणवा येतो का, हे लेबलवर एका ओळीत आटपलेलं असतं. झोर्नियात तर हे वर्णनाचाच भाग आहे, कारण झाडाचा बांधा त्यावर ठरतो. सतत चरल्या जाणाऱ्या जागी ती जमिनीला चिकटून चारी दिशांना पसरते. उंच गवतात अडकली की तीच उभी, लांब कांड्यांची आणि कमी फांद्यांची होते. "पसरणारी" आणि "उभी" या दोन शब्दांवर ओळखीच्या किल्लीतला (हे की ते असं विचारत जातीपर्यंत नेणाऱ्या तक्त्यातला) फाटा असेल तर चरलेल्या रानातला नमुना चुकीच्या वाटेने जातो.

दुसरं म्हणजे मूळ. वर्षायू की बहुवर्षायू हे वरून कळत नाही, खणूनच बघावं लागतं. सेराडोसारख्या वणव्याच्या रानांत कित्येक झोर्नियांना जाड, लाकडी भूमिगत बुंधा असतो. वरचं सगळं जळून गेलं तरी पहिल्या पावसात त्यातून नवे फुटवे येतात. साहेलमधली झोर्निया ग्लॉकिडिएटा अगदी उलट स्वभावाची. ती वर्षायू, पहिल्या सरींबरोबर उगवणारी, छोट्या पावसाळ्यात बी टाकून मोकळी होणारी. जास्त चराईच्या कुरणांत ती वाढते आणि जनावरं तिला आवडीने खातात. मुळाशिवाय दाबलेल्या दोन नमुन्यांत हा एवढा मोठा फरक दिसणारच नाही.

मूळ खणलंच आहे तर गाठी बघा. झोर्निया, भुईमूग, शिसव, बिबळा हे सगळे डालबर्गिई या गटातले. या गटाच्या गाठी उपमुळं फुटतात त्या बगलेत येतात, आणि जिवाणू मूळकेसांतून आत जात नाहीत, साल फाटून झालेल्या भेगेतून जातात. गाठीची जागा नोंदवायला कष्ट पडत नाहीत, पण वर्णनात ती फार क्वचित वाचायला मिळते.

जिथे पाच-दहाच झाडं असतील तिथे कृपा करून उपटू नका. एक फांदी, काही सुटलेली पेरं, बाकी फोटो आणि मापं जागेवरच.

ही कळकळ का, तेही लिहितो. गवताळ रानाला पुष्कळ लोक "पडीक" म्हणतात, बिघडलेलं जंगल समजतात आणि तिथे झाडं लावायला निघतात. सावली पडली की झोर्नियासारखी उघड्या उन्हातली वनस्पती पहिली जाते. ती होती याची नोंद नसेल तर ती गेल्याचंही कुणाला कळत नाही.

---

शेंगवेल

रानवारा, शेवटचा परिच्छेद पटला. एक शंका. डीएनए तपासून जात सरळ ठरत नाही का? मग एवढी मापं कशाला?

---

भिंग

डीएनएने बरंच सुटलं आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आण्विक अभ्यासात झोर्निया ही एकवंशी प्रजाती असल्याचं दिसलं, म्हणजे तिच्या सगळ्या जाती एकाच पूर्वजापासून आलेल्या. तिचे जवळचे नातलग अडेस्मिया, निसोलिया, पोइरेशिया, अमिसिया. कुलाच्या पातळीवर २०१७ मध्ये शिंबावंत, म्हणजे शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या, कुलाची सहा उपकुलांत नवी मांडणी झाली. त्यात झोर्निया पॅपिलिओनॉइडी या सर्वांत मोठ्या उपकुलात आहे.

पण जातीच्या पातळीवर डीएनए एकटं पुरत नाही. वनस्पतींत ओळखीसाठी जे तुकडे वापरतात, मॅटके, आरबीसीएल, आयटीएस, त्यांतले पहिले दोन हळू बदलतात. नुकत्याच वेगळ्या झालेल्या दोन जातींत ते सारखेच निघू शकतात. आयटीएस जास्त बदलतो, पण पेशीत त्याच्या पुष्कळ प्रती असतात आणि त्या सगळ्या एकसारख्या असतीलच असं नाही. शिवाय तुलना कशाशी करणार? साठ्यातल्या अनुक्रमावर कुणीतरी जुन्या सवयीने डायफायला लिहिलं असेल, तर तुमचा जुळलेला निकालही डायफायलाच येणार. तो अनुक्रम ज्या झाडाचा, त्याचा दाबलेला नमुना संग्रहात असायला हवा आणि त्यावर छदकं-शेंगा असायला हव्यात. मापं यासाठी.

---

तृणपाती

समजा सगळं मोजून कुठेच जुळलं नाही, तर नवी जात म्हणून मांडायला काय लागतं?

---

जुनी वही

आधी खात्री करा की ती खरोखर कुणीच मांडलेली नाही. झोर्नियात हे अवघड आहे, कारण विस्मरणात गेलेली नावं ढिगाने आहेत. वनस्पतींच्या नावांचा अग्रक्रम १ मे १७५३ पासून मोजतात. शंभर वर्षांपूर्वीचं एखादं उपप्रकाराचं नाव तुमच्या झाडालाच दिलेलं असू शकतं. म्हणून प्रत्येक जवळच्या नावाचं मूळ वर्णन आणि प्ररूप, म्हणजे ते नाव ज्या नमुन्याला कायमचं बांधलेलं आहे तो नमुना, बघावा लागतो. बऱ्याच मोठ्या हर्बेरियमांनी (वाळलेल्या नमुन्यांच्या संग्रहांनी) प्ररूपांची चित्रं ऑनलाइन ठेवली आहेत, त्यामुळे हे काम पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. छदकाचा कान चित्रात दिसला नाही तर मात्र संग्रहाला लिहून विचारावं लागतं.

मग नियम. १९३५ ते २०११ पर्यंत नव्या जातीला लॅटिन वर्णन सक्तीचं होतं. १ जानेवारी २०१२ पासून लॅटिन किंवा इंग्रजी, दोन्ही चालतं, आणि अटी पाळणाऱ्या ऑनलाइन नियतकालिकातलं प्रकाशनही ग्राह्य धरतात. १९५८ पासून प्ररूप सांगणं आवश्यक, आणि १९९० पासून ते कुठल्या संग्रहात ठेवलंय हेही. यातलं एक चुकलं तरी नाव वैध ठरत नाही, मग वर्णन कितीही सुंदर असो. इथल्यासारख्या चर्चेत नवं नाव सुचवू नका, हीही विनंती. असं नाव वैध नसतं, पण फिरत राहतं आणि पुढच्यांना त्रास देतं.

---

कुसळ

नमुना दाबण्याबद्दल थोडं. झोर्नियाची फुलं दाबल्यावर छदकांतच चिकटून बसतात. काही फुलं वेगळी काढून अल्कोहोलमध्ये ठेवली तर पुढे कापून बघता येतात. वाळलेलं फूलच हातात असेल तर गरम पाण्यात थोडा वेळ भिजवा, पाकळ्या सुटतात. फुलाचा रंग, पताकेवरच्या रेषा, छदकाचा हिरवा की लालसर रंग हे जागेवरच लिहा, वाळल्यावर राहत नाही. आणि सुटलेली पेरं कागदाच्या पाकिटात घालून त्याच पानावर लावा. नाहीतर दाबणीतून काढताना सगळी गळतात आणि उरतो फक्त पाला.

---

तृणपाती

सगळं वाचून पुन्हा जाऊन आले. एकाच रानातली पंधरा झाडं मोजली, दोनच उपटली. नाव लिहिलेलं नाही.

वर्षायू. सोटमूळ बारीक, फांद्या बुडापासून, आडव्या पसरून टोकाशी वर उठणाऱ्या, १२ ते ३० सेंमी. मुळावर गाठी, उपमुळांच्या बगलेत. उपपर्णं छत्राकृती, भाल्यासारखी. पर्णिका दोन. खालच्या पानांच्या अंडाकृती, ८–१४ × ५–८ मिमी. वरच्या भाल्यासारख्या, १५–२६ × ३–६ मिमी. ग्रंथींचे ठिपके दाट, उजेडासमोर स्पष्ट. कणीस टोकाला आणि बगलेत, फुलं ४ ते ११, जोड्या एकमेकींना स्पर्श करतात पण चढत नाहीत. छदकं लंबगोल, ७–१० × ३–५ मिमी, शिरा ५, कडेला केसांची झालर, ठिपके आहेत. पाकळ्या पिवळ्या, पताकेच्या बुडाशी लालसर रेषा. शेंग ३ ते ६ पेरांची, शेवटची एक-दोन पेरं छदकाबाहेर. पेर सुमारे २ मिमी, जाळीदार, काटे जवळजवळ १ मिमी, त्यांवर उलटे दाते. मोकळं आखूड गवत, मुरमाड माती, मध्यम चराई.

---

रानवारा

"मध्यम चराई" हे कशावरून ठरवलंत ते लिहा. गवताची उंची दिली तर जास्त उपयोगी.

---

भिंग

वर्णन कामाचं झालं आहे. गिब्बोसाच्या वर्णनाशी हे बरंच जुळतं, पण त्याआधी एक विचारते. छदकाची लांबी कानाच्या टोकापासून मोजली की जोडापासून? झोर्नियावर लिहिणारे दोन्ही तऱ्हांनी मोजतात, आणि कुठली तऱ्हा ते सांगितलं नाही तर दोन वर्णनांत दीड-दोन मिलिमीटरचा खोटा फरक पडतो.

---

तृणपाती

जोडापासून मोजली होती. कान १ ते १.५ मिमी, टोकदार. म्हणजे कानासह ८ ते ११.५ मिमी. दोन्ही मापं वहीत वेगळी लिहिते. गवत घोट्यापर्यंत होतं, शेंडे खाल्लेले, फुलोरा क्वचितच. पिकलेली पेरं पाकिटात आहेत. पाचव्या आणि सहाव्या पेरावरचे काटे बाकीच्यांपेक्षा आखूड वाटतात, ते भिंगाखाली बघून उद्या इथेच लिहिते.